दुरुस्तीतून किती वर्षं मिळणार?

वॉशिंग मशीन पाणी भरून गप्प बसतं, फ्रीज रात्रभर घरघरतो पण आत गारवा नसतो, मिक्सरला जळका वास येतो. पुढच्या पाच मिनिटांत घरात दोन पक्ष पडतात. "किती दिवस ओढणार? आता काढून टाका," असं एक जण म्हणतो. दुसऱ्याच्या जिवावर येतं. दोघंही मनापासून बोलत असतात, पण निर्णयाला लागणारी माहिती दोघांकडेही नसते. वस्तू बंद पडली एवढंच कळलेलं असतं. तिच्यातलं नेमकं काय गेलं, हे अजून कुणीच पाहिलेलं नसतं.

मी हा सगळा वाद आता एका प्रश्नावर आणून ठेवते: या पैशांत मला किती वर्षं मिळणार? दुरुस्तीचे पैसे देताना आपण त्या वस्तूची आणखी काही वर्षं विकत घेतो. नवी वस्तू आणतानाही वर्षंच विकत घेतो, फक्त जास्त आणि एकदम. म्हणून दोन्हीकडचा दर काढायचा, वर्षामागे किती पडले याचा.

एक नियम तुम्ही ऐकला असेल: दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल आणि वस्तूचं निम्मं आयुष्य उलटून गेलं असेल, तर नवीन घ्यावं. घाईत आधाराला हा नियम ठीक आहे. पण तो वर्षं मोजत नाही, आणि तिथेच फसवतो. नव्या वॉशिंग मशीनची किंमत १०० मानू. ते घरी आणणं, बसवणं, नळाची जोडणी यांचे ५ धरू. ते १० वर्षं चाललं तर वर्षाला साडेदहा पडले. आता जुन्या मशीनच्या दुरुस्तीला ३० लागणार आहेत. त्यातून ४ वर्षं मिळाली तर वर्षाला साडेसात, म्हणजे दुरुस्ती स्वस्त. २ वर्षंच मिळाली तर वर्षाला १५, म्हणजे दुरुस्ती महाग. मशीन तेच, बिल तेच, उत्तर उलटं. दुरुस्तीला ६० लागले आणि ७ वर्षं मिळाली, तर वर्षाला साधारण साडेआठ पडतात. मशीनचं निम्मं आयुष्य उलटलेलं असतं, तर निम्म्याच्या नियमानं ते आपण टाकून दिलं असतं.

मागे खर्च केलेले पैसे मात्र या हिशेबात घ्यायचे नाहीत. "गेल्याच वर्षी एवढे घातलेत, आता कसं सोडणार?" हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे आणि त्यापायी एक मोटर दोनदा वाइंडिंग करून घेतली आहे. गेलेले पैसे दोन्ही बाजूंना सारखेच गेलेले असतात. आजपासून पुढे काय पडेल तेवढंच पाहायचं.

मग राहिलेली वर्षं ओळखायची कशी? वस्तूच्या वयावरून थोडा अंदाज येतो, पण खरा अंदाज येतो कोणता भाग गेला आणि तो का गेला यावरून. तेच या लेखात सविस्तर सांगायचं आहे.

त्याआधी काही प्रसंग बाजूला काढते, जिथे हिशेब मांडत बसायचंच नाही. वस्तूच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिणलं किंवा शॉक बसला, तर प्लग काढा आणि तपासणी होईपर्यंत ती वस्तू वापरू नका. "थोडंसंच लागतं" असं म्हणत वर्षभर वापरलेला गिझर ओल्या हातानं एक दिवस जीव घेऊ शकतो. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूची बॅटरी फुगली असेल तर ती चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची नाही. आणि मायक्रोवेव्ह घरी उघडायचा नाही. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरमुळे आत हजारो व्होल्टचा दाब तयार होतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा साठा शिल्लक राहू शकतो. इस्त्री, हीटर, ड्रायर यांत एक थर्मल फ्यूज असतो. वस्तू प्रमाणाबाहेर तापली की तो एकदाच तुटतो आणि वीज तोडतो. तो काढून वायर थेट जोडली तर वस्तू लगेच चालू होते. पण आग लागण्याआधीचा शेवटचा अडसरही त्याच क्षणी निघून जातो. अशी जोडणी कुणी "जुगाड" म्हणून सुचवली, तर त्या माणसाकडून पुढचं कुठलंच काम करून घेऊ नका.

काय गेलं, त्यावर सगळं

घरातल्या यंत्रात काही भाग झिजण्यासाठीच असतात. मोटरचे कार्बन ब्रश, पट्टा, दाराचं रबर, मिक्सरचा कपलर, पंप, थर्मोस्टॅट, हीटिंग एलिमेंट, पंख्याचा कपॅसिटर. हे गेले म्हणजे यंत्र म्हातारं झालं असं होत नाही. चपलेचा अंगठा तुटला म्हणून तळवा झिजला असं कुणी म्हणत नाही, तसंच हे. काही भाग मात्र म्हणजेच ती वस्तू असते: फ्रीजचा कॉम्प्रेसर आणि त्याची बंद नळ्यांची साखळी, गिझरची टाकी, टीव्हीचं पॅनल, वॉशिंग मशीनचा टब. इथे बिघाड असला की दुरुस्तीचा आकडा नव्या वस्तूच्या जवळ जायला लागतो. आणि या दोघांच्या मधे आहे इलेक्ट्रॉनिक बोर्ड, ज्याच्याविषयी सगळ्यात जास्त गैरसमज असतात.

पंख्यापासून सुरुवात करू, कारण तो सोपा आहे. छताचा पंखा हळूहळू मंद झाला, किंवा नुसताच गुणगुणतो आणि हातानं ढकलल्यावर फिरतो, तर बहुतेक वेळा कपॅसिटर कमजोर झालेला असतो. त्याच्यावर २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड असं काहीतरी लिहिलेलं असतं. तेवढ्याच क्षमतेचा दुसरा बसवला की पंखा पुन्हा पळतो. खरखर येत असेल तर बेअरिंग, तीही बदलता येते. वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, जळलं असेल तरच विचार करायचा. मिक्सरचंही तसंच. एकदम बंद पडला तर आधी तळाशी असलेलं ओव्हरलोडचं बटण दाबून बघा, जास्त भार आला की ते वर येतं. आतून ठिणग्या दिसत असतील आणि ताकद कमी झाली असेल, तर कार्बन ब्रश संपत आलेले असू शकतात. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण भांड्यातलं पातं फिरत नाही, तर कपलर. हे सगळं किरकोळ काम आहे. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, जळलं असेल तर मात्र नव्याची किंमत विचारायला हरकत नाही.

वॉशिंग मशीनमध्ये पाणी बाहेर जात नसेल तर कुणालाही बोलावण्याआधी पंपाचा फिल्टर काढून बघा. अनेक मशीनमध्ये तो पुढे खाली, छोट्या झाकणामागे असतो. नाणं, बटण, केसांची पिन, मोज्याचा तुकडा, काहीही निघतं. दार लागूनही मशीन सुरू होत नसेल तर दाराच्या लॉकचा स्विच. पाणी फार हळू भरत असेल तर नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी. हे तिन्ही बिघाड मशीन "मेल्या"सारखे वाटतात, आणि तिन्हींत मशीन ठणठणीत असतं.

बेअरिंग वेगळी. कपडे पिळताना विमान उडाल्यासारखा आवाज यायला लागला, की तिच्याकडे लक्ष द्यायचं. आधी ऑइल सील झिजतं, त्यातून पाणी बेअरिंगपर्यंत जातं, बेअरिंग गंजते, ड्रम डगमगतो आणि मग ज्या दांड्यावर ड्रम फिरतो तो दांडाच घासला जातो. मी हा आवाज आठ महिने ऐकला. कपडे धुऊन निघत होते, म्हणून थांबले. शेवटी मशीन उघडलं तेव्हा सील बसतं त्या जागी दांड्यावर चरे पडले होते. टेक्निशियननं नखानं दाखवलं, नख अडकत होतं. नवं सील बसवलं असतं तरी त्या चऱ्यांतून पाणी पुन्हा झिरपलं असतं. पहिल्या महिन्यात सील आणि बेअरिंग एवढ्यावर भागलं असतं. आठव्या महिन्यात मशीन काढावं लागलं. त्या मशीनची पाच-सहा वर्षं मी नुसती वाट बघण्यात घालवली, आणि याची मला आजही खंत आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही. काही मशीनचा बाहेरचा टब दोन भाग बोल्टनं जोडून केलेला असतो. तो उघडता येतो, बेअरिंग बदलता येते. काहींत ते दोन भाग कारखान्यातच वितळवून कायमचे जोडलेले असतात. मग एवढीशी बेअरिंग गेली तरी अख्खा टब बदलावा लागतो. बिघाड तोच, खर्च अनेक पट. नवं मशीन घेताना "टब उघडता येतो का?" एवढं विचारलं, तर दहा वर्षांनंतरच्या निर्णयाची तयारी आजच होते.

फ्रीज: नळ्यांच्या आत की बाहेर?

फ्रीज गार करत नाही म्हटल्यावर लोकांच्या तोंडून पहिला शब्द येतो "गॅस". पण फ्रीजचे बिघाड दोन गटांत पडतात, आणि ते गट ओळखले की निर्णय जवळजवळ झालाच. एक गट नळ्यांच्या बाहेरचा: थर्मोस्टॅट, पंखा, रिले, दाराचं रबर, बर्फ वितळवणारा हीटर, मागच्या जाळीवरची धूळ. दुसरा गट नळ्यांच्या आतला: कॉम्प्रेसर, गळती, नळी चोंदणं. बाहेरच्या गटात जवळजवळ नेहमीच दुरुस्ती परवडते. आतल्या गटात वय, किंमत, विजेचा खप हे सगळं मांडून बघावं लागतं.

घरबसल्या थोडं ओळखता येतं. बर्फ न साचणाऱ्या प्रकारच्या फ्रीजमध्ये वरचा कप्पा गार आणि खालचा कोमट असेल, तर कॉम्प्रेसर आपलं काम करतो आहे. थंड हवा खाली येत नाही, एवढंच. तिची वाट बर्फानं अडलेली असू शकते. फ्रीज रिकामा करून, दारं उघडी ठेवून, एक दिवस पूर्ण बंद ठेवा. पुन्हा सुरू केल्यावर काही दिवस छान चालला आणि मग पुन्हा तसाच झाला, तर संशय डिफ्रॉस्टच्या हीटरवर, त्याच्या सेन्सरवर किंवा टायमरवर जातो. फ्रीज चांगला आहे. दर काही मिनिटांनी मागून "टक्" असा आवाज येत असेल आणि घरघर सुरू होत नसेल, तर कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतो आहे आणि संरक्षक स्विच त्याला तोडतो आहे. यात कॉम्प्रेसर गेलेला असू शकतो, पण त्याला चालना देणारा छोटा रिलेही गेलेला असू शकतो. आधी रिले तपासायचा. ती तपासणी न करता कुणी थेट "कॉम्प्रेसर गेला" म्हणत असेल तर दुसऱ्या माणसाला दाखवा. दार नीट बसतं का हे पाहायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. पट्टी अलगद निघाली तर तिथलं रबर सैल आहे.

आता गॅस. फ्रीज आणि एसीमधला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो, एकीकडे उष्णता शोषतो, दुसरीकडे सोडतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरला, तर तो पुन्हा निघून जाणार, कधी महिन्यात, कधी वर्षात. "दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो" हे ज्या एसीबद्दल म्हटलं जातं, त्याची दुरुस्ती एकदाही झालेली नसते. म्हणून विचारायचं ते हेच: गळती कुठे सापडली? सांध्यावर असेल तर काम होतं. कॉइलच गंजलेली असेल तर कॉइलची किंमत विचारा. फ्रीजमध्ये गळती भिंतीच्या फोममध्ये गाडलेल्या नळीत असेल, तर फ्रीजला निरोप देणं बहुधा शहाणपणाचं. आणि नव्या फ्रीजमधला आर-६००ए हा गॅस म्हणजे आयसोब्युटेन, तो पेट घेतो. घरच्या फ्रीजमध्ये तो बहुतेकदा १०० ग्रॅमपेक्षाही कमी असतो, पण नळी जोडताना ज्योत लागते, म्हणून हे काम त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचं.

गिझरबद्दल थोडक्यात: एलिमेंट, थर्मोस्टॅट, सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर बदला. टाकीच्या अंगातून पाणी झिरपतंय तर नवीन घ्या, कारण आतून गंज आरपार आलेला आहे. अनेक टाक्यांत मॅग्नेशियमची एक कांडी असते, टाकीऐवजी स्वतः गंजणारी. ती वेळेवर बदलली तर टाकी बरीच टिकते. बऱ्याच घरांत ही कांडी आहे हेच कुणाला माहीत नसतं.

बोर्ड गेला म्हणजे काय?

"कार्ड गेलंय, बदलावं लागेल." हे ऐकलं की माणूस हबकतो, कारण बोर्डाची किंमत कधीकधी नव्या वस्तूच्या चाळीस टक्क्यांपर्यंत सांगितली जाते. पण बोर्ड म्हणजे एकसंध वस्तू नाही. त्यावर रिले, फ्यूज, जास्तीचा दाब झेलणारा व्हॅरिस्टर, कपॅसिटर असे सुटे भाग सोल्डरनं जोडलेले असतात, आणि पुष्कळदा त्यांपैकी एखादाच गेलेला असतो. छोट्या पिंपासारखे दिसणारे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेत लवकर म्हातारे होतात. तापमान १० अंश सेल्सिअसनं वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. त्यांचं डोकं फुगलेलं डोळ्यांनाही दिसतं. बोर्ड बदलणारे आणि बोर्ड दुरुस्त करणारे हे दोन वेगळे लोक असतात. बदलणाऱ्यानं मोठा आकडा सांगितला, तर तो बोर्ड काढून दुसऱ्याला दाखवायला काहीच हरकत नाही. मात्र बोर्डात पाणी जाऊन तांब्याच्या रेषा हिरव्या पडल्या असतील, तर दुरुस्तीचा भरवसा धरू नका.

टीव्हीचा आवाज येतो पण चित्र नाही, अशा वेळी खोलीत अंधार करून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनल जिवंत आहे, मागचे एलईडी दिवे किंवा त्यांना वीज देणारा भाग गेला आहे, आणि ते दुरुस्त होतं. स्क्रीनला तडा गेला असेल तर टीव्हीची बहुतेक किंमत त्या पॅनलमध्येच असते, त्यामुळे तिथे फार विचार करावा लागत नाही.

एखादा भाग पुन्हा पुन्हा जात असेल, तर नवीन घेण्याच्या आधी एक शंका घ्या. तीन वेळा तीन वेगळे भाग गेले, तर यंत्र थकत चाललं आहे. पण तीनदा तोच भाग गेला, तर खरं कारण यंत्राच्या बाहेर असू शकतं: विजेचा दाब वरखाली होतो, अर्थिंग सैल आहे, पाणी जड आहे आणि एलिमेंटवर क्षारांचा थर चढतो, फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवल्यानं त्याची उष्णता कोंडते. तसं असेल तर नवी वस्तूही त्याच जागी त्याच कारणानं बळी जाणार. आधी घरातली ती गोष्ट नीट करायला हवी.

"नवीन घेतलं की वीज वाचते" हे कितपत खरं?

हे वाक्य काही वस्तूंबाबत अगदी खरं आहे आणि काहींबाबत त्याला काहीच अर्थ नाही. फरक ओळखायला एक गोष्ट पुरते: वस्तू उष्णता तयार करते, की उष्णता एकीकडून दुसरीकडे नेते? इस्त्री, किटली, खोली तापवणारा हीटर यांतल्या तारेत जाणारी जवळजवळ सगळी वीज उष्णताच बनते. तिथे सुधारायला जागाच नाही. वीज वाचेल म्हणून चालती इस्त्री कुणी बदलू नये. फ्रीज, एसी आणि तासन् तास फिरणाऱ्या मोटरी यांचं गणित वेगळं. तिथे चांगली रचना खप खरंच खाली आणते.

तेही किती, ते वापराच्या तासांवर ठरतं. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा ३० च्या आसपास. रोज १२ तास फिरणाऱ्या पंख्यात वर्षाला साधारण १९७ युनिट वाचतात. रोज एकच तास लागणाऱ्या खोलीत फक्त १६. म्हणजे वाइंडिंग जळलेला पंखा झोपायच्या खोलीतला असेल तर नवीन घ्यावा, पाहुण्यांच्या खोलीतला असेल तर दुरुस्त करावा, असंही उत्तर निघू शकतं.

फ्रीजचा खप मोजायचा तर प्लग आणि सॉकेटच्या मधे लावायचा छोटा मीटर मिळतो. तो किमान दोन दिवस लावून ठेवा, म्हणजे बर्फ वितळवण्याचा फेराही मोजला जाईल. समजा जुना फ्रीज दिवसाला २ युनिट घेतो आणि नव्यावर वर्षाला २५५ युनिट लिहिलेले आहेत. जुन्याचे वर्षाला ७३० झाले. ४७५ युनिटचा फरक तुमच्या दरानं गुणा आणि वर्षाच्या हिशेबात टाका. पण गृहीत धरू नका, मोजा. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या मध्यावर विकला जाणारा नवा फ्रीज सरासरी १८०० युनिटच्या आसपास वीज खायचा, आणि कार्यक्षमतेचे नियम आल्यावर तो आकडा ५०० च्या आसपास आला, तोही फ्रीज मोठे झालेले असताना. एवढी मोठी उडी एकदाच मारता येते. फार जुना फ्रीज बदलण्यात जो लाभ आहे, तो आठ-दहा वर्षांच्या बऱ्या फ्रीजला बदलण्यात सापडणार नाही. आणि नवा आणल्यावर जुना "असू दे जास्तीचा" म्हणून दुसऱ्या खोलीत चालू ठेवला, तर वीज वाचण्याऐवजी वाढते.

दाखवायला बोलावल्यावर

टेक्निशियनशी बोलताना घाबरण्याचं कारण नाही आणि संशयानं बोलण्याचंही नाही. तपासणीचे पैसे वेगळे द्यायची तयारी ठेवा. फुकट तपासणी करणाऱ्याला कुठूनतरी ते पैसे काढावेच लागतात. आणि मग सरळ विचारा: "दादा, नेमकं काय गेलंय? कशामुळे गेलं? आणि आता उघडलंच आहे तर अजून काय झिजलेलं दिसतंय?" तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कारण दुरुस्तीतून मिळणारी वर्षं बदललेल्या भागावर ठरत नाहीत, उरलेल्या भागांतला सगळ्यात कमजोर भाग किती टिकेल यावर ठरतात. नवा पंप बसवून बेअरिंग दोन महिन्यांत जाणार असेल, तर तुम्ही दोनच महिने विकत घेतलेत. जुना भाग परत मागा, दुरुस्तीची हमी किती दिवसांची ते बिलावर लिहून घ्या. चांगला कारागीर या प्रश्नांनी दुखावत नाही, उलट खुलतो. माझ्या अनुभवात हीच त्याची ओळख आहे.

नव्या वस्तूबद्दलही एक भ्रम असतो, की ती आली म्हणजे आता दहा वर्षं बघायला नको. यंत्रं बिघडण्याचं प्रमाण आलेखावर काढलं तर त्याचा आकार न्हाणीतल्या टबासारखा येतो. सुरुवातीला कारखान्यातल्या दोषांमुळे उंच, मग बराच काळ सपाट, आणि शेवटी झिजेमुळे पुन्हा वर. पाच वर्षं विनातक्रार चाललेलं मशीन त्या सपाट भागात असतं. त्याची एक किरकोळ दुरुस्ती करणं ही अनेकदा नव्या अनोळखी मशीनपेक्षा सुरक्षित पैज असते. बारा वर्षांच्या मशीनबाबत मी असं म्हणणार नाही.

कधीकधी दुरुस्ती शक्य असते, परवडते, पण भागच मिळत नाही. मॉडेल क्रमांकाची पाटी, साधारणपणे दाराच्या कडेला किंवा मागे असते, तिचा फोटो आजच काढून ठेवा आणि भागाची चौकशी त्यावरूनच करा. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग, त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षं उपलब्ध ठेवणं उत्पादकांवर बंधनकारक आहे. फ्रीजच्या ठरावीक भागांसाठी ही मुदत किमान ७ वर्षं आहे. फ्रान्सनं १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर, त्यात पुढून उघडणारी वॉशिंग मशीनही आली, ती किती दुरुस्त होऊ शकते याचे १० पैकी गुण छापायला लावले. असे गुण प्रत्येक डब्यावर असायला हवेत, असं मला फार वाटतं. रंग आणि बटणं बघून यंत्र घेणाऱ्या माणसाला निदान कळेल की ते उघडता येतं की नाही.

सगळा हिशेब करून टाकायचंच ठरलं, तर शेवटचं एक काम उरतं. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला, आणि त्यातला नोंद झालेल्या, रीतसर मार्गानं गोळा होऊन पुनर्वापराला गेलेला वाटा २२.३ टक्के होता. फ्रीज आणि एसीबाबत हे अधिक गंभीर आहे. १९८७च्या माँट्रियल करारानं ओझोनच्या थराला भोकं पाडणारे गॅस हटवायला सुरुवात झाली, तरी खूप जुन्या फ्रीजच्या नळ्यांत आणि फोममध्ये ते अजून असू शकतात. त्यानंतर आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट आहे. तांब्यासाठी कुणी फूटपाथवर त्या नळ्या कापल्या की सगळा गॅस एका फुसकाऱ्यात हवेत जातो. म्हणून फ्रीज देताना घेणाऱ्याला विचारा की गॅस आधी टाकीत काढून घेणार का. आणि फ्रीज दारात नेऊन ठेवण्याआधी त्याची दारं बिजागऱ्यांतून काढून ठेवा. बंद पडलेल्या फ्रीजमध्ये लपायला शिरलेल्या मुलांना आतून दार उघडता आलं नाही, असं याआधी घडलेलं आहे.